एका स्क्रूसाठी : प्रस्तावना

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात आमच्या घराचे मागचे दार फुगले. नवीन पनवेलमध्ये राहणाऱ्याला याचे नवल वाटत नाही. जूनच्या शेवटी लाकूड पाणी पिते, दार चौकटीत अडकते आणि मेस्त्रींची वाट पाहणे सुरू होते. मेस्त्री आले, रंधा मारला, दार मोकळे झाले. ते निघाले तेव्हा आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "मेस्त्री, ओट्याखालच्या कपाटाचं दार लोंबतंय. तेवढा एक स्क्रू आवळून जाता का?" त्यांनी आवळला, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि चपला घालता घालता म्हणाले, "काकू, राग मानू नका, पण एका स्क्रूसाठी मला येता येत नाही. तळोज्याहून यायचं-जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. एक छोटं चार्जिंगचं मशीन घेऊन ठेवा. हे काम तुमच्या हातचं आहे."

आत्या तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात आहे, बरणीचे झाकण फिरवतानाही कळ येते. तिच्या हातात मशीन द्यायचे हे घरात कोणालाच पटले नाही. मेस्त्रींना मात्र त्यात वावगे काही दिसले नाही, आणि त्यांचेच बरोबर होते. आज आमच्या घरातली कपाटे, कुकर, पडद्यांच्या दांड्या आणि मच्छरजाळ्या आत्याच्या ताब्यात आहेत. शेजारणी तिला विचारायला येऊ लागल्या, म्हणून मी चार पाने लिहून दिली. चाराची चाळीस झाली. तीच ही पुस्तिका.

आधी 'हलके काम' म्हणजे काय ते ठरवून घेऊ, कारण या हत्याराविषयीची बहुतेक निराशा ते न ठरवल्यामुळे होते. लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक किंवा पातळ पत्रा यांत बसलेला छोटा स्क्रू काढणे, आवळणे किंवा नवा बसवणे, एवढेच हलके काम. भिंतीला भोक पाडणे यात येत नाही. टीव्हीचा ब्रॅकेट, छताचा पंखा, गीझर, ग्रिलचे बोल्ट हेही नाही. त्यासाठी ठोका देणारे ड्रिल लागते, पान्हा लागतो, आणि बहुतेक वेळा जाणता माणूस लागतो. पण घराची यादी काढायला बसले तर हलक्या कामांचीच रांग मोठी निघते. कुकरचे हँडल डुगडुगते, ड्रॉवर कुरकुरतो, खुर्चीचा हात हलतो, खेळण्याच्या बॅटरीचे झाकण उघडायचे असते. एकेक काम दोन मिनिटांचे, आणि त्या दोन मिनिटांसाठी कोणी येत नाही म्हणून सहा-सहा महिने राहिलेले.

पनवेलमध्ये हे लिहिताना मला एक गोष्ट नेहमी आठवते. हे गाव मुळात हत्यारांचे होते. १८३० साली बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांतून पनवेलच्या बंदरावर उतरू लागला. घाटाने गाडीची चाके खिळखिळी होत. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरने पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाडीची चाके बनवण्याचीच नोंद केली आहे. देशावरची जवळजवळ प्रत्येक गाडी परत जाताना इथून चाकांची नवी जोडी घेऊन जाई. त्या चाकात एकही स्क्रू नव्हता. तुंब्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर पाट्या बसवायच्या, आणि लोखंडी धाव भट्टीत तापवून वरून चढवायची. पाणी ओतले की धाव आकसते आणि सगळे चाक एका दमात आवळले जाते. किती आवळायचे हे त्या सुताराला धाव तापवण्याआधीच ठरवावे लागे. धाव लहान पडली तर आरे वाकत, मोठी राहिली तर चाक सैल. 'किती आवळायचे' हा प्रश्न त्या चाकाचा होता तसाच आपल्या कपाटाच्या दाराचाही आहे, आणि या पुस्तिकेत तो पानोपानी येईल.

आता गाव बदलले. १८५२ ची नगरपालिका २०१६ च्या ऑक्टोबरात महानगरपालिका झाली. खाडीकाठच्या गावाभोवती नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली, खारघर असा इमारतींचा वेढा पडला. या फ्लॅटमधले जवळजवळ सगळे फर्निचर स्क्रूवर उभे आहे. सागवानी कपाटाला खाच आणि कूस असते, भुशाच्या बोर्डाच्या कपाटाला फक्त बिजागरी आणि चार स्क्रू. त्यात रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. बोर्ड ओल धरतो, फुगतो, उन्हाळ्यात पुन्हा आकसतो, आणि दर वर्षी स्क्रूची पकड थोडी सुटते. कपाट वाईट म्हणून नव्हे, हवा अशी म्हणून. पुण्याला तीच बिजागरी दहा वर्षे गप्प राहते. इथे ती वर्षातून एकदा तरी बघावी लागते, आणि त्यासाठी दसऱ्याच्या आधीचा आठवडा सगळ्यांत चांगला, कारण तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि घर तसेही आवरायला काढलेले असते.

हत्याराच्या नावाविषयी दोन शब्द. गॅरेजमधले जुने लोक याला 'डिसमिस' म्हणतात, हिंदीच्या सहवासात 'पेचकस' होतो, बाकी सगळे स्क्रू ड्रायव्हर म्हणतात. विजेच्या तारेवाचून चालणाऱ्याला दुकानात 'चार्जिंगचा स्क्रू ड्रायव्हर' म्हणून मागावे. नुसते 'कॉर्डलेस' म्हटले की दुकानदार पिस्तुलाएवढे ड्रिल समोर ठेवतो, आणि तेच घेऊन आपण घरी येतो. ते ड्रिल वाईट नसते. पण ते आपले नसते.

का नसते, ते नीट सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे याच मुद्द्यावर उभे आहे. स्क्रू फिरवणाऱ्या जोराला मी या पुस्तिकेत 'पीळ' म्हटले आहे. डब्यावर तो न्यूटन मीटरमध्ये लिहिलेला असतो. दहा सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला पाच किलो तांदळाची पिशवी अडकवली तर दांड्याच्या मुळाशी जो पीळ पडेल तो साधारण ५ न्यूटन मीटर. छोट्या स्क्रू ड्रायव्हरचा पीळ ३ ते ६ च्या घरात असतो, म्हणजे धडधाकट माणूस जाड मुठीच्या साध्या स्क्रू ड्रायव्हरने लावतो जवळपास तेवढाच. बारा व्होल्टच्या ड्रिलचा पीळ वीस-तीसवर जातो. दुकानात तीस हा आकडा पाचापेक्षा सरस दिसतो. पण स्क्रू जेवढ्या जोराने उजवीकडे फिरतो, तेवढ्याच जोराने मशीन आपल्या मनगटाला उलट पिळते. स्क्रू मध्येच अडला की तीस न्यूटन मीटरचा हिसका सरळ मनगटात येतो. अंतराळात हा प्रश्न इतका खरा होता की जेमिनी मोहिमांच्या काळात ब्लॅक अँड डेकरने नासासाठी असे यंत्र घडवले, ज्याने बोल्ट फिरावा पण तो धरणारा अंतराळवीर फिरू नये. आपण जमिनीवर पाय रोवून उभे असतो म्हणून फिरत नाही, पण आत्याचा अंगठा तो हिसका सोसू शकत नाही. पाच न्यूटन मीटरचा सोसतो. मशीन अडते, गुरगुरते, ती दाब सोडते, संपले. कमी पीळ हा या हत्याराचा गुण आहे. जो ते कमजोर आहे म्हणून नाकारतो, तो नेमके त्याचे मोलच नाकारतो.

दुसरे कारण कपाटाच्या बाजूचे. भुशाच्या बोर्डात स्क्रूची पकड लाकडाएवढी नसते. गरजेपेक्षा अर्धा फेरा जास्त झाला की बोर्डाच्या आत आटे सुटतात आणि स्क्रू नुसता गरगर फिरत राहतो. याला सगळीकडे 'आटे गेले' म्हणतात. मोठ्या ड्रिलने हे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. छोट्या मशीननेही होऊ शकते, खोटे सांगणार नाही, पण ते मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे घेते, त्यामुळे थांबायला सवड मिळते.

हे दोनशे फेरे कसे होतात ते आत्याला फार आवडले, म्हणून इथेही सांगतो. आतली मोटर अंगठ्याएवढी, पण मिनिटाला हजारो फेरे घेणारी. तिच्यापुढे ग्रहमालेसारखी दातेरी चाके असतात. मध्ये एक छोटे चाक, त्याच्याभोवती फिरणारी तीन, आणि त्यांना बाहेरून वेढणारे आतल्या दात्यांचे कडे. एका मालेने वेग कितीतरी उतरतो, आणि अशा दोन-तीन माला पाठोपाठ असतात. जेवढा वेग कमी होतो तेवढा पीळ वाढतो. म्हणून अंगठ्याएवढ्या मोटरला दीड इंची स्क्रू लाकडात घालता येतो. आपल्याला ऐकू येणारी गुणगुण त्या चाकांची.

तारेवाचून चालणारे पहिले ड्रिल ब्लॅक अँड डेकरने १९६१ साली आणले. त्यात निकेल-कॅडमियमची बॅटरी होती. त्या जातीच्या बॅटरीचा मोठा दोष असा की महिनाभर कपाटात पडून राहिली की तिच्यातली वीज आपोआप ओसरते. घरगुती माणसाला हत्यार महिन्यातून एकदा लागते, आणि नेमके तेव्हाच ते मेलेले असायचे. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयनची बॅटरी बाजारात आणली, आणि २००३ मध्ये बॉशने 'इक्सो' नावाचा मुठीएवढा स्क्रू ड्रायव्हर त्याच जातीची बॅटरी घालून काढला. विजेच्या हत्यारांत लिथियम-आयन प्रथम आली ती या सर्वांत छोट्या हत्यारात, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. सहा महिने पडून राहिला तरी चालतो, म्हणूनच हा घराचा झाला. आज कुठल्याही कंपनीचा घ्या, आत बहुधा ३.६ व्होल्टचा एकच सेल असतो.

आता निवडण्याविषयी. यातली बरीचशी मशीन चीनमध्ये बनतात आणि न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनरमध्ये आपल्या दारावरूनच देशभर जातात. तेव्हा 'बाहेरचे की इथले' यात अडकू नये. हातात धरून बघावे. वजन तीनशे-चारशे ग्रॅमच्या आत असावे. दुकानातच हात डोक्याच्या उंचीवर नेऊन मिनिटभर तसाच धरा. पडद्याच्या दांडीचे काम याच अवस्थेत होते, आणि अर्ध्या मिनिटात दंड भरून आला तर ते मशीन आपले नाही. सरळ, टॉर्चसारखा आकार अरुंद कपाटात चांगला शिरतो. पिस्तुलासारखा मुठीत चांगला बसतो. ज्यांचे अंगठे दुखतात त्यांनी पिस्तुलाचा घ्यावा, कारण त्याचे बटण तर्जनीने दाबले जाते. काही सरळ मशीन टोक स्क्रूवर दाबले की आपोआप सुरू होतात. त्यांत बोटांना कष्टच नाहीत, आणि आत्याने शेवटी तसाच निवडला.

त्यानंतर मी एका गोष्टीसाठी हटून बसेन. पीळ ठरवण्याचे कडे मशीनवर असलेच पाहिजे. त्यावर आकडे असतात. ठरवलेल्या पिळापर्यंत पोचले की आतून कटकट आवाज येतो आणि स्क्रू फिरणे थांबते. हे कडे नसलेले मशीन स्वस्त मिळते. माझे पहिले मशीन तसेच होते. त्याने पहिल्याच आठवड्यात मी स्विचच्या पाटीला तडा पाडला, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्याची बॅटरी फुगून कवच उकलले. कंपनीचे नाव घेत नाही, कारण तशा कंपन्या अनेक आहेत. बॅटरीसाठी डब्यावर किंवा बॅटरीवर भारतीय मानक आयएस १६०४६ आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. लिथियमच्या बॅटरीला ही नोंदणी आपल्याकडे सक्तीची आहे, आणि ज्याने ती केली नाही त्याने आणखी काय टाळले असेल हे उघडून बघायची वेळ आपल्यावर येऊ नये. चार्जिंग मोबाइलच्याच सी-टाइप वायरने होत असेल तर उत्तम. वेगळा चार्जर तीन वर्षांनी नक्की हरवतो.

टोकाचा सांधा पाव इंची षटकोनी, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा असावा. तो असला की उरण नाक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातला बिट, म्हणजे बदलता येणारे टोक, त्यात बसतो. आणि मशीन बंद असताना टोक हाताने फिरवले तर ते घट्ट राहते का बघा. राहत असेल तर बॅटरी संपली तरी तेच मशीन साध्या स्क्रू ड्रायव्हरसारखे वापरता येते, आणि शेवटचा पाव फेरा हाताने देता येतो. या पाव फेऱ्याविषयी पुढे बोलायचे आहे.

आता बिट. या पुस्तिकेतले सगळ्यांत मोठे प्रकरण बिटांचे आहे. माझा अनुभव असा की 'मशीन बेकार निघाले' म्हणून येणाऱ्या दहांतल्या बहुतेकांच्या हातात मशीन चांगले आणि बिट चुकीचा असतो. आपल्याकडे फुलीच्या डोक्याचा कुठलाही स्क्रू 'स्टार' म्हणून ओळखला जातो. पण फुल्या दोन आहेत. एक फिलिप्सची. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी १९३६ मध्ये तिची पेटंटे घेतली, आणि त्याच सुमाराला कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्यात ती प्रथम वापरात आली. या फुलीच्या कडा खाली उतरत जातात, त्यामुळे पीळ वाढला की बिट आपोआप वर ढकलला जातो आणि स्क्रूचे डोके खरवडले जाते. दुसरी फुली 'पोझिड्राइव्ह', १९६० च्या दशकातली. तिच्या कडा उभ्या आहेत, बिट तिच्यात घट्ट बसतो. ओळखायची खूण अशी : फुलीच्या चार बाह्यांच्या मधल्या कोपऱ्यांत केसासारख्या बारीक चार रेषा कोरलेल्या असतात. फिलिप्सला त्या नसतात.

मॉड्युलर किचनच्या बहुतेक बिजागऱ्या युरोपी घडणीच्या आहेत आणि त्यांचे स्क्रू पोझिड्राइव्ह आहेत. आपण त्यात फिलिप्सचा बिट घालतो. तो बसल्यासारखा वाटतो, फिरतो, घसरतो, आणि दोन-तीन वेळा घसरला की चकचकीत बिजागरीच्या स्क्रूचा खड्डा होतो. मग तो कोणालाच निघत नाही. डब्यात 'पीएच २' आणि 'पीझेड २' असे दोन्ही बिट असतात. ते दिसायला जुळे भाऊ. पीझेडच्या मानेला नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा. आत्याने लाल दिला आहे.

बिजागरीच्या दांड्यावर ओळीत दोन स्क्रू असतात. दाराच्या जवळचा फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकते, मागचा सैल केला की पुढे-मागे. वर-खाली करायचे तर कपाटाच्या भिंतीवरच्या पट्टीचे स्क्रू सैल करावे लागतात. लोंबलेले दार बहुधा वरच्या बिजागरीचा पहिला स्क्रू थोडा फिरवल्यानेच जागेवर येते. हे कळले की पन्नास टक्के कपाटे दुरुस्तीवाचून दुरुस्त होतात. आकृत्या पहिल्या प्रकरणात आहेत.

आटे गेलेले भोक हे दुसरे मोठे दुखणे. त्याला लांब स्क्रू घालणे हा मोह टाळावा, तो बोर्डाच्या पलीकडे फुटतो. मेस्त्रींनी शिकवलेला उपाय देव्हाऱ्यातच असतो. जळून उरलेल्या उदबत्तीची बांबूची काडी घ्या, फेव्हिकॉलमध्ये बुडवा, भोकात दोन-तीन काड्या दाटीने बसवा, वर राहिलेले टोक कापा, आणि रात्रभर हात लावू नका. दुसऱ्या दिवशी तोच स्क्रू त्याच भोकात नव्यासारखा धरतो. बांबू चिवट असतो, आगकाडीपेक्षा कितीतरी चांगला.

मशीन चालवायला शिकणे म्हणजे खरे तर थांबायला शिकणे. स्क्रू आधी बोटांनी भोकात उभा करायचा. जुन्या भोकात पुन्हा घालताना तो आधी उलटा, म्हणजे डावीकडे, अलगद फिरवायचा. एका ठिकाणी तो बारीक 'टक्' करून खाली बसतो. तिथे जुना आटा सुरू होतो. तिथून उजवीकडे फिरवला तर स्क्रू आपल्याच जुन्या वाटेने आत जातो, नाहीतर नवी वाट कोरतो आणि भोक मोठे होते. मग मशीन स्क्रूच्या रेषेत धरून, मागून तळहाताचा दाब देऊन चालवायचे. दाब कमी पडला की बिट उडतो. स्क्रूचे डोके टेकायला आले की बोट उचलायचे आणि शेवटचा पाव फेरा हाताने द्यायचा. यंत्राला फक्त विरोध कळतो. लाकूड भरत आले आहे की प्लॅस्टिक तडकायला आले आहे, हा फरक बोटांना कळतो. कुकरच्या हँडलला तर हा नियम मोडूच नये. ते बेकेलाइटचे असते, आणि त्याला गेलेला तडा प्रेशर असताना हातात येतो.

लाकडात नवा स्क्रू घालायचा तर आधी बारीक भोक हवे. सुताराचे गिरमिट यासाठीच असे. घरात बारीक ड्रिलबिट किंवा टोच्या चालतो. स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासली की तो निम्म्या कष्टात जातो. साबण घासणारेही पुष्कळ आहेत, पण साबण आपल्या हवेतली ओल ओढून घेतो आणि वर्षभरात स्क्रू गंजवतो. काळे जिप्समचे स्क्रू पनवेलच्या स्नानघरात लावू नयेत, ते दोन पावसाळ्यांत तांबडे होतात आणि ताण पडला की डोके तुटते. तिथे स्टेनलेस स्टीलचेच. दुकानात 'आठ नंबर, दीड इंची, एसएस' असे मागावे.

जुन्या पनवेलमध्ये, लाईन आळीसारख्या भागात ज्यांची वडिलोपार्जित घरे आहेत, त्यांना वेगळे सांगायचे आहे. तुमच्या दारांचे स्क्रू एका खाचेचे असतात, कित्येक पितळी. त्यांना हे मशीन लावू नका. खाचेतून बिट घसरला तर सागावर ओरखडा जातो तो जन्मभराचा. तेलाचे दोन थेंब, एक रात्र, खाचेच्या रुंदीएवढ्याच पात्याचा हातातला स्क्रू ड्रायव्हर, आणि धीर. पितळी स्क्रू नव्या भोकात घालायचा असेल तर आधी त्याच मापाचा पोलादी घालून वाट करून घ्यावी, मग तो काढून पितळी बसवावा. पितळ मऊ, सागात सरळ घातले तर मध्येच तुटते.

विजेच्या पाट्यांचे प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे आणि त्यात एकच काम दिले आहे : सैल झालेली बाहेरची पाटी आवळणे. तेही एमसीबी खाली पाडून, घरातल्यांना सांगून, आणि टेस्टरने बघून. या मशीनचे टोक धातूचे आहे, मूठ प्लॅस्टिकची असली तरी ते विजेपासून वाचवणारे हत्यार नाही. पाटीच्या आत हात घालायचे काम वायरमनचे. कोणी कितीही सोपे म्हणून सांगितले तरी.

बॅटरीची निगा थोडक्यात. उन्हात तापलेल्या गाडीत मशीन ठेवू नका, माझे पहिले त्यानेही लवकर गेले असावे. महिनोन्‌महिने लागणार नसेल तर अर्धी भरून ठेवा. फुगली तर चार्ज करू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

आणि मखर. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आमच्या इमारतीतल्या अनेकांनी प्लायवूडची घडीची मखरे करून घेतली. दर वर्षी जोडायची, विसर्जनानंतर सोडायची आणि माळ्यावर ठेवायची. गेल्या भाद्रपदात पेणहून मूर्ती आणायला घरातले सगळे गेले होते आणि आत्या एकटी मागे राहिली होती. आम्ही आलो तेव्हा मखर उभे होते. बावीस स्क्रू. पाठीमागे वाटीत जास्तीचे दोन काढून ठेवलेले, मशीन चार्जिंगला लावलेले, आणि ती हातातल्या स्क्रू ड्रायव्हरने एकेक स्क्रू शेवटचा पाव फेरा देऊन बघत होती. मूर्ती पाटावर टेकवायच्या आधी तिने आम्हाला दोन मिनिटे दारातच थांबवून ठेवले, कारण डावीकडचा खालचा स्क्रू राहिला होता.

पुस्तिका वाचायला घेण्यापूर्वी एक करा. स्वयंपाकघरातल्या कपाटाचे एक दार उघडा, मोबाइलचा दिवा लावा, आणि बिजागरीच्या स्क्रूच्या फुलीत कोपऱ्यांना त्या चार बारीक रेषा आहेत का बघा. असतील तर पहिले प्रकरण, नसतील तर थेट तिसरे.